नदीकाठची राईड: दोन बागा, २२ किलोमीटर, अडीच तास

रविवारी सकाळच्या राईडला २४ जण होते, त्यातले निम्मे पहिल्यांदाच घोळक्यात सायकल चालवणारे. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत. वेळेवर यायचं आणि सायकल धड असली पाहिजे, एवढंच. पहिली बाग, मग नदीकाठची वाट, दुसरी बाग आणि त्याच वाटेने परत. चढ जवळपास नाहीच, बिनगिअरची सायकलही आरामात जाते.

निघण्यापूर्वीची दहा मिनिटं मोलाची. ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. हवेच्या बाबतीत दोन्हीकडून चुका होतात. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही. ३५ ते ४० मिमीच्या टायरला ७५ किलोच्या माणसासाठी ४५ ते ५५ पीएसआय पुरते. त्याहून कडक टायर खडीवर उड्या मारतो.

हवा कमी असली तर काय होतं ते नवव्या किलोमीटरला दिसलं. लाकडी पुलाच्या कडेवर चाक आपटलं आणि हवा गेली. ट्यूब काढली तर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा. रिम आणि कडेच्या मध्ये ट्यूब चिमटली की अशाच चिरा पडतात. एकच भोक असेल तर मात्र टायरच्या आतून सावकाश बोटं फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होईल. वाटेत पॅच लावत बसू नका, जवळची ट्यूब टाका. टाकण्यापूर्वी तिच्यात थोडी हवा भरली की पीळ पडत नाही. टायर शेवटी व्हॉल्व्हपाशी बसवा आणि व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे ट्यूब टायरखाली अडकत नाही.

वेग ताशी १३ ते १५ किलोमीटर. पुढे वाट माहीत असलेला एक, सगळ्यांत मागे भडक जाकीट घातलेला एक. प्रत्येक वळणावर पुढच्याच्या लगेच मागचा माणूस थांबतो, हाताने दिशा दाखवतो आणि जाकीटवाला दिसला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. ही पद्धत फार चांगली आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. दुसऱ्या बागेच्या फाटकाशी मध्ये मोठी फट पडली, सगळे गेले असं समजून वळणावरचा माणूस निघाला आणि मागचे चौघे सरळ गेले. पंधरा मिनिटं शोधण्यात गेली. जाकीट दिसल्याशिवाय हलायचं नाही, हे निघतानाच सगळ्यांकडून वदवून घ्या.

ती फट पडली फाटकातल्या लोखंडी खांबांमुळे. तिथून एकेकालाच जाता येतं. पुढचे निघून जातात, मागचे खोळंबतात आणि मग गाठण्यासाठी जोर मारतात. खांब ओलांडल्यावर मागून ‘सगळे आले’ असं ऐकू येईपर्यंत पुढच्याने चालण्याच्या वेगाने जावं. खांब दिसताच ‘खांब!’ अशी हाक द्या, कारण मागच्याला समोर फक्त तुमची पाठ दिसते.

चालणाऱ्यांसाठी घंटा १५-२० मीटर आधी वाजवा. अगदी पाठीशी वाजवली की माणूस दचकून नेमका चाकासमोर येतो. कुत्रा आणि मालक वाटेच्या दोन बाजूंना दिसले तर मध्ये पट्टा आहे असंच धरून चाला.

पुलाखालच्या बोगद्यात पुराचा गाळ होता. त्यावर ब्रेक किंवा वळण नको. आधीच वेग कमी करून सरळ निघा. गॉगल आत शिरण्यापूर्वीच काढा. ओल्या लाकडी फळ्यांवरही हेच, आणि फळ्या चाकाच्या दिशेने लांब असतील तर तिरकं जा, बारीक टायर फटीत अडकतो.

परतताना समोरून वारा होता आणि नवखे तिथेच दमले. वारा आधी बघून जाताना तो अंगावर घ्या. आणि २५ च्या वर माणसं जमली तर दोन गट करा, दोन्हींना आपला पुढचा आणि आपला जाकीटवाला, मध्ये पाच मिनिटांचं अंतर.