तुम्ही विचारलंत म्हणून : धावले की चालले?

लडाखमधल्या खारदुंग ला चॅलेंज या शर्यतीच्या मेडलचा फोटो पाहिला की अभिनंदनाच्या पाठोपाठ प्रश्न येतोच. "बहात्तर किलोमीटर! सगळं धावलात, की मधेमधे चाललात?" सोसायटीतले काका विचारतात, ऑफिसातली मुलं विचारतात, आणि सगळ्यात खोचकपणे विचारतात ते आमच्याच रनिंग ग्रुपमधले. आजवर मी हसून "दोन्ही" म्हणत आले. आता एकदाच सविस्तर लिहिते. पुन्हा कुणी विचारलं तर हेच पाठवून देईन.

चालले. चढ जवळजवळ सगळा चालले.

पहाटे ३ वाजता खारदुंग गावातून निघायचं, साधारण ३२ किलोमीटर चढून खारदुंग ला या खिंडीच्या माथ्यावर जायचं आणि पलीकडे ४० किलोमीटर उतरून लेह गाठायचं, अशी ही शर्यत. गाव ४,००० मीटरला थोडं कमी, माथा ५,३६०-७० च्या आसपास. (माथ्यावरची १८,३८० फुटांची ती प्रसिद्ध पाटी सुमारे आठशे फुटांनी फुगवलेली आहे. फोटो मात्र सगळे तिथेच काढतात. मीही काढला.) त्या चढावर माझ्या मागेपुढे डोक्याला टॉर्च बांधलेली जी माणसं होती, त्यांतलं फारसं कुणी धावत नव्हतं. धावत होती ती लडाखी पोरं-पोरी, आणि ती आम्हाला दिसली ती फक्त सुरुवातीला, पाठमोरी.

आता हिशोब. ७२ किलोमीटरला १४ तास मिळतात. म्हणजे तासाला पाच किलोमीटरच्या किंचित वर. सपाटीवर हा झपझप चालण्याचा वेग आहे, म्हणून विचारणाऱ्याला वाटतं, हे तर सोपं. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे माथ्यावर घेतलेल्या एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम निम्मा ऑक्सिजन येतो. दीड हजार मीटरच्या वर गेलं की दर हजार मीटरला शरीराची कमाल क्षमता ढोबळमानाने सात ते दहा टक्क्यांनी घटते. घरी गप्पा मारत ज्या वेगाने धावता, तो वेग तिथे जीव काढतो. आणि तासाला सातएक किलोमीटरच्या खाली धावण्यापेक्षा चालायला शक्ती कमी लागते, हे तर सपाटीवरही खरं आहे. चढावर आम्ही चार-साडेचारने सरकत होतो. त्या वेगाला धावण्याचा आव आणणं म्हणजे घाटात गाडी चौथ्या गिअरमध्ये रेटणं. इंजिन धडधडतं, गाडी काही पुढे जात नाही.

हे सगळं बरोबर आहे, आणि तरीही मी ते वकिलासारखं मांडतेय, हे मला कळतं. कारण मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडच्या चढावर चालणाऱ्यांना ओलांडताना मनातल्या मनात माणसं मोजणारी बाई मीच होते. त्या वेळच्या मला हा हिशोब कुणी ऐकवला असता तर ती म्हणाली असती, "बरोबर आहे हो, पण शेवटी चाललातच ना?" तुमच्या प्रश्नाचा मला राग येतो तो यासाठी, की तो मला तिच्या आवाजात ऐकू येतो.

तयारीबद्दल फार लिहीत नाही. सिंहगड पाठीवर वजन घेऊन चढणं-उतरणं, एवढंच त्यातलं महत्त्वाचं, आणि तेही चालत. लेहला विमानाने उतरलं की पहिले दोन दिवस निव्वळ लोळायचं. मग हळूहळू वर जाऊन यायचं, झोपायला खाली. फिटनेसचा आणि उंची बाधण्याचा संबंध नाही, हे तिथे गेल्याशिवाय पटत नाही. आमच्यातला सगळ्यात वेगवान मुलगा पहिल्याच दिवशी डोकं धरून बसला, आणि सिगारेट ओढणारा टॅक्सीवाला त्याची बॅग उचलून दोन मजले चढून गेला. उंची बाधू नये म्हणून डायमॉक्सची गोळी घेतली की बोटांना मुंग्या येतात आणि रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या होतात. त्या फेऱ्यांमधल्या वेळात मी खोलीतल्या मैत्रिणीचा श्वास ऐकत पडायची. झोपेत तो हळूहळू मोठा व्हायचा, मग लहान, मग बंदच. मी उठून बसेपर्यंत एकदम खोल ओढून पुन्हा सुरू. सकाळी ती म्हणाली, "तुझंही तसंच चाललं होतं, मी झोपलेच नाही."

आता तुम्ही कधीच न विचारलेलं. मेडलच्या आधीची एक खेप आहे. तिचा फोटो नाही, म्हणून तिच्याबद्दल प्रश्नही नाही.

त्या वर्षी नॉर्थ पुल्लूच्या चेकपोस्टपाशी उजाडलं तोवर मी बरंच धावले होते. दोन खांब धावायचे, दोन चालायचे असं काहीतरी, खांब नव्हते तिथे दगड. पाठीवरच्या पिशवीतून येणारी पाण्याची नळी गोठली होती. ती दाताखाली धरून आतला बर्फ मोडायचा, मग दोन थेंब यायचे. तिथून पुढे रस्ता डोंगराच्या अंगाने वळत वर जातो आणि माथा दिसायला लागतो, नुसता दिसतच राहतो. शंभर पावलं मोजून थांबायचं ठरवलं. शंभराची साठ झाली, साठाची तीस. लष्कराचे ट्रक अंगावर धूर सोडत गेले आणि तो काळा धूर गिळताना मला उमासे आले. एका वळणावर मी मोजलेला आकडा विसरले, पुन्हा एकपासून मोजायला लागले, पुन्हा विसरले. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

माथ्यावर एका स्वयंसेवक मुलीने दंडाला धरून वैद्यकीय तंबूत नेलं. तिने असं धरणं मला आवडलं नाही. आतले डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ६८. बोटं गार असली की हे यंत्र वाट्टेल ते दाखवतं, हे मी त्यांना सुनावलं. ते हो म्हणाले, माझं बोट दोन्ही तळव्यांत धरून चोळलं, पुन्हा लावलं. ७१. आकड्यावर ते अडले नाहीत. नाव विचारलं, कुठून आलात विचारलं, वार विचारला. मी सगळं बरोबर सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

मग म्हणाले, "मॅडम, ज़रा चलकर दिखाइए."

मी हसले. खरंच हसले. बत्तीस किलोमीटर चढून आलेय मी, आणि हा मुलगा मला चालून दाखवायला सांगतोय! तंबूत खाली ताडपत्री होती आणि तिची शिवण सरळ गेली होती. त्या शिवणीवर एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत, हात बाजूला न पसरता, दहा पावलं. पहिलं पडलं. दुसरं, तिसरं. चौथ्याला ती शिवण माझ्या पायाखालून बाजूला सरकली आणि मी तंबूच्या खांबाला धरून उभी होते.

"बूट ओले आहेत," मी म्हणाले. ते म्हणाले, काढा. मोज्यांवर पुन्हा. या वेळी तिसऱ्यालाच गेले. "पाय बधीर झालेत थंडीने." ते म्हणाले, "हो सकता है." मला बसवलं, पांघरूण दिलं, गोड कोमट काहीतरी प्यायला दिलं. त्या वेळात बाहेरून माझ्या ओळखीचे आवाज येत होते, फोटो काढून पुढे निघालेले. थोड्या वेळाने तिसऱ्यांदा उभं केलं. त्या खेपेला मी सहा टाकली. माझ्या मते सात.

उंचीवर मेंदूला सूज येऊ लागली की डोकं दुखतं, माणूस बरळतो, पण बरळण्याआधीच कित्येकदा तोल जातो, आणि ही सरळ रेषेतली चाल तोल ओळखण्याची सगळ्यात साधी तपासणी आहे. उपाय म्हणजे ऑक्सिजन, औषध, आणि सगळ्यांत मोठा, लगेच खाली उतरणं. हे मला माहीत होतं. शर्यतीआधीच्या माहितीच्या बैठकीत मी पहिल्या रांगेत बसून लिहून घेतलं होतं. म्हणून तर माझ्याकडे वाद घालायला मुद्दा होता. उतरायचंच आहे ना? मग पायी उतरते. पुढचा रस्ता सगळा उताराचाच आहे, शर्यतही होईल आणि उपचारही होईल. ते म्हणाले, वाटेत पडलात तर? मी म्हणाले, सही करून देते. ते म्हणाले, सहीने तोल येत नाही. (हे हिंदीत फार सुंदर म्हणाले होते, नेमके शब्द आठवत नाहीत, आणि तेही त्यांच्याच बाजूचा पुरावा म्हणून धरलं जाईल.) मग मी त्यांना विचारलं, तुम्ही आयुष्यात कधी धावलायत का? त्यांनी उत्तर दिलं नाही. माझा छातीवरचा बिब नंबर वहीत उतरवला आणि गाडीवाल्याला हाक मारली.

गाडीत पुढच्या सीटवर एकजण बादली मांडीवर घेऊन बसला होता. रस्ता तोच, शर्यतीचा. प्रत्येक वळणावर कुणीतरी धावत उतरत होतं आणि हॉर्न वाजला की बाजूला होऊन गाडीत डोकावत होतं. मी कानटोपी नाकापर्यंत ओढली. माथ्यापलीकडच्या साउथ पुल्लूपर्यंत डोकं हलकं झालं. लेहचे पॉप्लर दिसायला लागले तेव्हा मला भूक लागली होती, नुसती भूक नाही, कडकडून.

याचा अर्थ काय लावायचा? खाली आणलं म्हणून बरी झाले, असा एक. इतक्या लवकर बरी झाले त्या अर्थी सूजबीज काही नव्हती, दमणूक आणि गारठा होता, असा दुसरा. आमच्या ग्रुपचं तिसरंच : सुरुवातीला धावलीस म्हणून झालं. त्यावर माझं म्हणणं असं, की उंची चालणाऱ्यांनाही बाधते. माझ्याआधी तंबूत पांघरुणात बसलेले गृहस्थ पहिल्या पावलापासून चालतच आले होते. धावणाऱ्या दोन डॉक्टर मैत्रिणींना विचारलं. एक म्हणाली, मी असते तर मीही गाडीतच घातलं असतं. दुसरी म्हणाली, अर्धा तास थांबून पाहिलं असतं. मी दोन्ही मतं जपून ठेवली आहेत. ज्या दिवशी जे लागेल ते काढते. त्या डॉक्टरांना मी जे बोलले ते मात्र कोणत्याच दिवशी उपयोगी पडत नाही.

पेडर रोडवाली बाई यात मधे तोंड घालतेच. ती म्हणते, जोवर धावत होतीस तोवर ठीक होतीस, चालायला लागलीस आणि आकडे विसरलीस. मी म्हणते, आकडे विसरायला लागले म्हणून चालणं भाग पडलं. कोण खरं, हे सांगायला त्या चढावर तिसरं कुणी नव्हतं.

पुढे मेडलच्या वर्षी मी पहिल्या खांबापासून चालले. पहाटेच्या अंधारात सगळी गर्दी मला मागे टाकून गेली, ते फार झोंबलं, आणि उजाडल्यावर त्यांतले बरेचजण एकेक करून परत भेटले. उतार धावले. त्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आवर्जून सांगते. ४० किलोमीटरमध्ये जवळजवळ दोन हजार मीटर खाली आपटत यायचं असतं. मांड्यांचा पार भुगा होतो, नखं काळी पडून महिन्याभराने गळतात आणि लेहमध्ये दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सगळे खेकड्यासारखे आडवे चालत असतात. धावण्याची हौस भागवायची असेल तर ती तिथे भागते.

तर उत्तर : दोन्ही. आधीही हेच सांगत होते, पण तेव्हा तुम्हाला ते टाळाटाळ वाटत होतं. खरं तर मी विचारायला हवं होतं, कुठल्या वर्षी?

त्या मेडलच्या वर्षी माथ्यावर मला कुणी थांबवलं नाही. ऑक्सिमीटर लावला, आकडा पाहिला, अंगठा दाखवला. मी पाणी प्यायले आणि तंबूच्या मागे, कुणी पाहत नाहीसं बघून, रस्त्याच्या कडेच्या पुसट पांढऱ्या पट्ट्यावर टाच अंगठ्याला लावून चालायला सुरुवात केली. आठव्या पावलाला हलले. तिथे पट्ट्यावर खडी होती, बरीच. मी पुन्हा मोजलं नाही, नाडी घट्ट बांधली आणि उताराला लागले.