तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या माळावर पवनचक्की येणार का?

मी जीआयएसवर, म्हणजे नकाशा आणि त्या जागेची माहिती जोडणाऱ्या संगणक प्रणालीवर, नकाशे करतो आणि त्यातलं बरंचसं काम पवनऊर्जेच्या जागांचं असतं, हे कळलं की साताऱ्याकडचे, धाराशिवचे, बीडचे लोक हमखास एकच विचारतात, "सर, आमच्या माळावर पंखे येणार का?" फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही म्हणून इथे नीट लिहितोय.

वारा असला की पंखे येतात असं नाही, तरी सुरुवात वाऱ्यापासूनच करावी लागते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे सेकंदाला ६ मीटरचा वारा ७ मीटर झाला तर ऊर्जा दीडपटीपेक्षा जास्त होते, त्यामुळे एखाद्या डोंगराच्या कडेला चांगला वारा आणि तिथून थोडं खाली उतरलं की कामाचा नाही असं सर्रास होतं. आपल्याकडे हा वारा मुख्यतः नैऋत्य मोसमीचा. जून ते सप्टेंबर तो सह्याद्रीवर आदळून कड्यावरून, सड्यांवरून (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळ पठारांवरून) वेग घेतो, म्हणून सुरुवातीची बरीच मशीन साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडी, तिकडे धुळ्याच्या साक्रीत ब्राह्मणवेल अशा उंच पठारांवर लागली.

मग बीड-धाराशिवच्या बालाघाट डोंगररांगेत आत्ता एवढी गर्दी का? कारण टॉवर उंच झाले. जमिनीपासून वर जावं तसा वारा वाढतो, आणि पातं लांब झालं की कमी वाऱ्यातही मशीन परवडतं. वनकुसवड्याला ३५० किलोवॉटची छोटी मशीन होती, आता ३ मेगावॉटची येतात. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे आकडेच बघा ना, महाराष्ट्रात वाऱ्यावर किती वीज होऊ शकते याची क्षमता १०० मीटर उंचीवर साधारण ४५ गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट), १२० मीटरवर ९८, आणि १५० मीटरवर जवळजवळ १७४! वारा तोच, फक्त आपण वर गेलो, आणि ज्या तालुक्यांचं नाव जुन्या नकाशात नव्हतं ते आत आले.

पण प्रत्यक्षात राज्यात उभे आहेत साधारण ५ गिगावॉट. या ५ आणि ९८ मधलं जे अंतर आहे तेच माझं काम. कुठे येऊ शकतं आणि कुठे येण्याची शक्यता जास्त, हे दोन वेगळे नकाशे आहेत, आणि गावाला दुसरा हवा असतो.

तो करताना आधी वजा करायचं: अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, वनजमीन, गावठाणाच्या भोवतीचा पट्टा, तलाव, फार तीव्र उतार. उरलेल्यावर मग खरा प्रश्न, सबस्टेशन किती लांब? माझा अनुभव असा की वाऱ्यानंतर सगळ्यात जास्त वजन यालाच, उत्तम वारा असलेला डोंगर जवळ २२० केव्हीचं सबस्टेशन नाही म्हणून वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि त्याच्याहून कमी वाऱ्याचा माळ लाईन जवळ आहे म्हणून आधी भरतो. मग रस्ता, कारण हल्ली एकेक पातं ७० मीटरच्या आसपास असतं आणि ते घाटाच्या आखूड वळणावरून वर जात नाही. आणि मग सातबारा. सामाईक खातं, न झालेले पोटहिस्से, वर्ग २ जमीन (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी), देवस्थान इनाम, गायरान, यातलं काहीच उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही पण कंपनीसाठी जमीन मिळवणारा एजंट तेच आधी बघतो. जुन्या जागाही या नकाशात पुन्हा येतात, कारण तिथला वारा सगळ्यात चांगला आणि मशीन म्हातारी झालीयेत, ती काढून मोठी लावायचं केंद्राचं धोरण २०१६ ला आलं आणि २०२३ ला सुधारलं.

आता मला मनापासून जे सांगायचंय ते. जमिनीवरच्या पवनचक्क्यांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही, म्हणजे त्यातली जनसुनावणीही नाही. वनजमीन असेल तर वेगळी परवानगी, ग्रामसभा वगैरे, पण खाजगी माळ असेल तर गावाला कळतं कधी, तर एजंट दारात आल्यावर. तोपर्यंत कंपनीकडे हा नकाशा दोन वर्षं असतो. हे मला चुकीचं वाटतं. मी पवनऊर्जेच्या बाजूचा आहे, कोळशापेक्षा वारा कधीही बरा, पण म्हणूनच हा नकाशा तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर असायला हवा.

आणि नकाशात सडा 'पडीक' दिसतो तेही बदलायला हवं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये चाळकेवाडीचा अभ्यास मांडला, पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, आणि त्यांची भीती नसल्याने सरडे वाढलेले. म्हणजे तिथे आख्खी जीवसृष्टी आहे, पडीक काही नाही. मी आता सडे वेगळ्या रंगात दाखवतो, मागितलं नसलं तरी.

तर तुमच्या माळावर येणार का? शिवारात तारांनी ताणलेला उंच बारीक मनोरा उभा राहिला असेल तर कुणीतरी वारा मोजतंय, ते निदान वर्षभर चालतं. मग सातबाऱ्याचे उतारे गोळा करणारा माणूस फिरायला लागतो, आणि रस्त्याची वळणं मोजणारे येतात. हे तिन्ही झालं असेल तर शक्यता दाट आहे. अशा वेळी एकट्याने विसार घेऊ नका, शेजारच्या गटांचे मालक एकत्र बसा, आणि करार वाचताना पंख्याच्या पायाइतकंच रस्त्याला आणि टॉवर लाईनला किती जमीन जातेय, आणि मशीनचं आयुष्य संपल्यावर तो काँक्रीटचा पाया कोण काढणार, हे लिहून घ्या.