सरावासाठी पहिली कुलुपे

कुलूप किल्लीविना उघडण्याच्या साधनांचा पहिला संच आज घेतला आणि सरावासाठी दोन स्वस्त पितळी कुलुपेही आणली. आपल्याकडची बरीच जाड कुलुपे लीव्हरची, म्हणजे आत पिनांऐवजी सपाट पट्ट्या असलेली, असतात आणि त्यांना ही साधने चालत नाहीत, म्हणून अमेरिकी कुलूपकार लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेल्या, किल्लीने उचलल्या जाणाऱ्या छोट्या पिनांच्या रचनेचीच कुलुपे मी मुद्दाम मागून घेतली. स्वस्त कुलपांत पिनांची भोके काटेकोर एका रेषेत नसतात; त्यामुळे वाकड्या पट्टीने हलका ताण देताच एकेक पिन आळीपाळीने अडकते आणि आकडीने ती नेमकी उचलली गेली की बोटांना बारीकशी ‘टक्’ जाणवते. ती जाणीव मला विलक्षण आवडली. घराच्या दाराचे कुलूप मात्र सरावाला घेणार नाही, कारण त्यातल्या पिना आणि स्प्रिंगा बिघडू शकतात.