अवकाशतळावरची छत्तीस दुकानं

जेवण अंगावर आलेलं, पंखा फुल्लवर, आणि मी अवकाशतळावरची दुकानं लिहीत बसलेलो. रविवारी मंडळी खेळायला येणार होती. अंतराळप्रवासाचा रोल-प्लेइंग खेळ: मी जग रचतो, बाकीचे त्यात आपापलं पात्र घेऊन फिरतात, आणि काय घडतं ते फासे ठरवतात. दोन फासे टाकायचे, एकाचा दशक, दुसऱ्याचा एकक. ११ ते ६६ मिळून छत्तीस आकडे, आणि प्रत्येक आकड्याला एक दुकान. पहिली काही फटाफट झाली. निळ्या दिव्यांचा बार. बंदुकांचं दुकान. सहा हातांच्या न्हाव्याचं सलून. चोरीचे नकाशे विकणारी म्हातारी. मग हिरव्या दिव्यांचा बार. ४३ वर आलो आणि पेन थांबलं.

सहा हातांचा न्हावी मला स्वतःलाच पटेना. एकदा हसू येतं, संपलं. त्याच्याकडे दाढी करायला येतं कोण? जागेचं भाडं कसं सुटतं? आमच्यातली पोरं म्हणतात, काका, परग्रहावरच्या गाळ्याचं भाडं विचारणारे तुम्ही एकटेच. असेन. पण भाडं कळल्याशिवाय मला दुकान दिसतच नाही.

आमचा खेळ ट्रॅव्हलर, १९७७ सालचा, मार्क मिलर यांनी केलेला. मूळ नियमांत पात्र तयार करता करताच मरू शकतं, डाव सुरू व्हायच्याही आधी. त्यामुळे तो खेळणारे लोक मुळात सोशिक. त्यात प्रत्येक ग्रहाच्या तळाला एक अक्षर असतं. ए म्हणजे जहाजं बांधायची गोदी, शुद्ध इंधन, सगळा थाट. तिथून उतरत उतरत ई म्हणजे खुणा करून ठेवलेला एक सपाट खडक. इंधन नाही, सोय नाही. एक्सवर तर तेवढाही नाही. (त्या ई-वाल्या खडकावर कोणी टपरी टाकली, तर मी ए-वरचा अख्खा बाजार तिच्यावरून ओवाळून टाकीन.) तळाच्या हद्दीत ग्रहाचा कायदा आणि जकात चालत नाही, म्हणून बाजार त्या हद्दीला चिकटून वाढतो. हे काही हवेतलं नाही. आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर १९४७ मध्ये पहिलं ड्यूटी फ्री दुकान निघालं. अटलांटिक ओलांडणारी विमानं तिथे इंधनाला थांबायची, आणि उतारू खाली उतरून नुसते उभे. टाकी भरेपर्यंतचा तो मोकळा वेळ शॅननने विकायला काढला.

आमची एसटी अशीच थांबायची. कंडक्टर एन्ट्री करायला गेला की बाबा हमखास खाली उतरणार आणि आई अर्धी खिडकीबाहेर. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत असायचे. पाटीवर कानिफनाथ, नाहीतर नवनाथ. कुठल्याही जिल्ह्याच्या स्टँडवर उतरा, कानिफनाथ हजर. बरेच रसवंतीवाले मूळचे पुरंदर तालुक्यातले, त्यांचा देव बोपगावच्या गडावर, आणि धंदा पार विदर्भाच्या टोकाला. एवढी कथा एका पाटीत मावते. माझ्या निळ्या दिव्यांच्या बारला अजून धड नावही नव्हतं. रसवंतीच्या शेजारी ‘बॅगेची चेन बसवून मिळेल’ असं लिहिलेला एक खोपटा होता. बॅगेची चेन प्रवासातच तुटते, घरी कधी तुटत नाही. तो माणूस गिऱ्हाइकाकडे बघायचाच नाही, बॅगेकडे बघायचा. आईच्या रेक्झिनच्या बॅगेचा रनर त्याने पकडीने दाबला, दोनदा मागेपुढे ओढून पाहिला आणि म्हणाला, पुढच्या स्टँडपर्यंत जाईल. पैसे घेतले नाहीत. पुढच्या स्टँडवरही एक चेनवाला बसलेला असणार, हे त्याने धरूनच टाकलं होतं.

४३: अंतराळ-सूटचे वायसर बदलून मिळतील. पुढच्या तळापर्यंत जाईल.

मग हात सुटला. या खेळात जहाजाहून वेगाने काहीच जात नाही, निरोपसुद्धा. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायची उडी जवळची असो की लांबची, साधारण आठवडा लागतोच. तेव्हा ४४ वर एक भाववाला बसवला. शेजारच्या ग्रहावरचे बाजारभाव विकतो; जहाज लागल्यावर पहिल्या तासात महाग, संध्याकाळी रद्दीच्या दराने. ४५ वर पेजेचं दुकान. लो पॅसेजच्या तिकिटाला हजार क्रेडिट पडतात, त्याच्या वरच्याला आठ हजार. हजारवाल्याला गोठवून नेतात आणि उतरल्यावर जागं करतात. बधिर बोटांना धरता यावेत असे मोठ्या कानांचे वाडगे, त्यात गरम पेज, वर मीठ. उधारी नाही. हे दुकान चालणार, डोळे मिटून सांगतो.

पण हजारवाले सगळेच जागे होत नाहीत. त्याचेही फासे आहेत. त्यावर जहाजात पैज लागते, तीही नियमांतच दिलेली: प्रत्येकाने थोडे पैसे टाकायचे आणि किती जण जगतील तो आकडा सांगायचा. ज्याचा आकडा बरोबर त्याला सगळी रक्कम. तोच उठला नाही, तर ती कॅप्टनची. पूर्वी हे वाचताना मी हसलो होतो बहुतेक. त्या दुपारी ४६ समोर लिहिलं: न उठलेल्यांच्या बॅगा, वजनावर.

रविवारी नेमका ४६ पडला. मी दुकान सांगितलं. रांगेत टांगलेल्या बॅगा, तराजू, आतलं काही उघडून बघायचं नाही हा नियम. पाच-सात सेकंद कोणी बोललं नाही. मग आमच्यातल्या सर्वात लहानाने विचारलं, एखाद्या बॅगेत बंदूक असेल का?

मी फासे टाकले. होती.