एवढं छान बोलता, मग ऑटिझम कसला?

मी ऑटिस्टिक आहे आणि त्याच विषयावर भाषणं देतो; भाषण संपलं की हा प्रश्न ठरलेला. पणजीत विचारला जातो, डिचोलीत विचारला जातो, एकदा तर मडगावला कदंबाच्या स्टँडवर एका गृहस्थांनी बस सुटता सुटता खिडकीतून विचारला. "सर, एवढं छान बोलता, मग ऑटिझम कसला?" स्वरात कौतुक असतं, आणि त्या कौतुकाच्या आत हा माणूस काहीतरी लबाडी करतोय असा बारीक संशय. आजवर हसून वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाचं लिहूनच ठेवतो.

बोलण्याचे जेवढे प्रकार आहेत त्यांत भाषण मला सगळ्यांत सोपं जातं. कुणी कधी बोलायचं ते ठरलेलं, बाकीचे गप्प. मी तुमच्या डोळ्यांत बघतोय की मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे, हे खाली बसलेल्यांना कळत नाही. वाक्यं घरी लिहिलेली, घोकलेली, कुठे थांबायचं तिथे पेन्सिलीची खूण. अवघड असतो तो नंतरचा चहा. हातात बशी, चार माणसं एकदम बोलतायत, कुणीतरी "मग, काय विशेष?" म्हणतो, आणि त्याला नेमकं काय हवंय हे मला उमगेपर्यंत तो पुढच्या माणसाकडे वळलेला असतो. तिथला मी तुम्हाला दिसत नाही, कारण चहाची किटली यायच्या आत मी गाडी काढलेली असते.

शिवाय मी अंत्रुज महालातला, म्हणजे गोव्यातल्या फोंड्याकडचा. आमच्या देवळात जत्रेला नाटक व्हायचंच, आणि गावातल्या गावात बसवलेलं. सगळ्यांच्या सगळ्या भूमिका मला पाठ असायच्या, म्हणून शाळकरी वयातच मला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवलं. माणसं एकमेकांशी कशी बोलतात हे मी तिथे शिकलो. प्रश्न आला की उत्तराआधी किती थांबायचं, समोरच्याने मान फिरवली तर आवाज चढवायचा की उतरवायचा. लोक म्हणायचे पोर हुशार आहे, जरासं विक्षिप्त. तेवढ्यावर भागलं. भागणारच होतं, १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझमचं नाव नव्हतं. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, तेव्हा आम्ही यादीत आलो. माझं निदान त्याही नंतरचं, चाळिशी ओलांडल्यावरचं.

२०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंगांचा महोत्सव, झाला आणि त्यानंतर मला बोलावणी यायला लागली. २ एप्रिल जवळ आला, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिन, की चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीच्या फळा-फुलांना येतो तसा मला भाव येतो. एरवी वर्षभर कुणी हुंगत नाही.

अशाच एका एप्रिलमध्ये फोंड्याजवळच्या एका संस्थेने बोलावलं. संस्थेचं नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. समई झाली, स्वागतगीत झालं, शाल-श्रीफळ झालं. ती शाल जरीकाठी होती. जरीचा काठ मानेला लागला की मला दुसरं काही सुचत नाही. ती काढून ठेवणं हा पाहुण्याचा उद्धटपणा ठरेल म्हणून ठेवली अंगावर. माइक मधून मधून किंचाळत होता, पंख्याचं एक पातं कशाला तरी घासत होतं. निवेदिका म्हणाली, "सर इतके नॉर्मल आहेत की सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणारच नाही." टाळ्या पडल्या.

मी कागद उघडले. त्या कागदांत एक प्रयोग होता, २०२० सालचा, एडिनबर्गमधल्या संशोधकांचा. एकाने गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं आठव्यापर्यंत. सगळे ऑटिस्टिक असलेल्या गटात आणि एकही ऑटिस्टिक नसलेल्या गटात गोष्ट साधारण सारखीच टिकली; दोघांची सरमिसळ केलेल्या गटात मात्र ती वाटेत जास्त गळली. म्हणजे खोट आमच्या एकट्याच्या डोक्यात नाही, अडतं ते दोघांच्या मधे. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन, स्वतः ऑटिस्टिक, हे २०१२ पासून सांगत आहेत. मला त्या दिवशी हेच सांगायचं होतं.

दोन वाक्यं झाली असतील. शेजारी बसलेले अध्यक्ष उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि "कागद कित्याक रे? मनांतलें उलय" म्हणत सगळे कागद माझ्या हातातून काढून घेतले. घडी करून स्वतःच्या खिशात ठेवले. मायेनेच. सभागृह हसलं.

मनातलं? मनातलं सगळं त्या कागदांवर होतं. मी उभा राहिलो. पंखा ऐकू येत होता, जरीचा काठ टोचत होता, पाठीवरचा हात अजून तिथेच होता. शब्द आले तेव्हा ते माझे नव्हते. विंगेत बसून हजारदा पुटपुटलेलं एका ऐतिहासिक नाटकातलं राजाचं स्वगत माझ्या तोंडून सुरू झालं, खणखणीत, सगळ्या थांब्यांसकट. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या! स्वगत संपलं आणि मी ते पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर टाळ्या थांबल्या. मग मी शाल ओढून फेकली आणि टेबलाच्या मागे खाली बसलो, कान दाबून, पुढे-मागे झुलत.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. कुणी पाणी शिंपडलं. कुणी कांदा आणायला धावलं. चार हात मला उठवू बघत होते आणि प्रत्येक हातासरशी माझं ओरडणं वाढत होतं. शेवटी एक बाई स्टेजवर आल्या. "सगळे भायर वचात," एवढंच म्हणाल्या, पंखा बंद केला, माइक बंद केला आणि माझ्यापासून दूर भिंतीला टेकून खाली बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला हात लावला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मी उठलो तेव्हा त्यांनी माझे कागद पुढे केले. अध्यक्षांच्या खिशातून त्यांनीच काढून आणले होते.

त्या प्रसंगाचं चित्रण व्हॉट्सअॅपवर फिरलं. माझ्या मावसभावाने ते बघून फोन केला: "आता पटलं रे." इतकी वर्षं माझ्या शब्दांनी जे त्याला पटलं नव्हतं ते माझ्या किंचाळण्याने पटलं. दुसऱ्या एका आयोजकाने तर निमंत्रण देताना सुचवलं की स्टेजवर थोडं तसं काही झालं तरी आमची हरकत नाही, लोकांना विषय समजतो. म्हणजे नीट बोललो तर खोटा, आणि खरा ठरायचं तर टेबलामागे. तुमच्या प्रश्नाचा मला राग येतो तो यासाठी.

पण त्या बाईंचा फोन आला तेव्हा मला रागावता आलं नाही. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा. बोलत नाही. आंघोळ, जेवण, सगळं त्यांच्या हाताने. त्या म्हणाल्या, "तुमचं भाषण ऐकून आलेले नातेवाईक मला विचारतात, तुझा मुलगा असा का नाही? तू कुठे कमी पडलीस? तुम्ही बोला. पण ऑटिझम म्हणजे काय ते माझ्या मुलाच्या वतीने सांगू नका."

मी माझं ठरलेलं सुरू केलं. स्पेक्ट्रम, म्हणजे ऑटिझमचा पट, मोठा आहे, ही कमतरता नाही, मेंदूची वेगळी घडण आहे. माझ्या जुन्या भाषणांचा शेवट याच वाक्याने व्हायचा. त्या म्हणाल्या, "रात्री तीन वाजता तो डोकं भिंतीवर आपटतो तेव्हा मी हे वाक्य कुणाला सांगू?"

ते वाक्य लिहिणारा मी आज मला थोडा आगाऊ वाटतो. नवं निदान, नवा उत्साह, आयुष्यभराच्या विक्षिप्तपणाला मिळालेलं सन्मानाचं नाव. पण त्या वाक्याशिवाय तो उभाच राहिला नसता, आणि एखाद्या पोराला पहिल्यांदा ते ऐकताना मी ताठ बसलेलंही पाहिलंय. म्हणून ते खोडावंसं वाटत नाही. म्हणावंसंही वाटत नाही. कधी म्हणतो, कधी गाळतो, आणि दोन्ही वेळा घरी येताना त्या बाईंशी मनातल्या मनात भांडतो. त्यांच्या मुलाचा उल्लेख टाळला तर लोकांना ऑटिझम म्हणजे मी, असं वाटतं. उल्लेख केला तर त्याची जागा मी घेतली. यातून तिसरी वाट काढणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यापैकी कुणाच्या घरी मूल रात्री तीनला जागं नसतं.

मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हीच स्टेजवर या. त्यांनी विचारलं, "आणि त्याला कुणाकडे ठेवू?"

आता साखळीजवळच्या एका संस्थेचं बोलावणं आलंय. मी अटी लिहून पाठवल्या. कागद बघूनच बोलेन. शाल नको. प्रश्न चिठ्ठीवर द्या. माझ्यासोबत एक आई आणि तिचा मुलगा येईल. तो मधे उठेल, आवाज करेल, त्याला कुणी गप्प करायचं नाही. आयोजकांचं लगेच उत्तर आलं. सगळ्या अटी मान्य, त्या दोघांसाठी बाहेर व्हरांड्यात खुर्च्या आणि पंख्याची सोय केली आहे.

मी अजून होकार कळवलेला नाही.