आकाशातला हात

माझं मॉडेल रेल्वेचं यार्ड बेडरूममधल्या एका फळीवर मावतं. एक छोटं टँक इंजिन, आठ मालडबे, तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्रज माणसाने काढलेलं हे इंगलनूक कोडं, एका सायडिंगमध्ये 5 डबे मावतात, बाकी दोनमध्ये 3-3, आणि चिठ्ठ्या उचलून जो क्रम येईल त्या क्रमाने पाच डब्यांची गाडी लावायची. वाटतो पोरखेळ, पण जेवण गार होतं.

खरी डोकेदुखी डबे सोडवायची. जुन्या ब्रिटिश मालडब्यांना तीन कड्यांची साखळी असायची, शंटर, म्हणजे डबे जोडणारा-सोडवणारा कामगार, लांब काठीच्या हुकाने ती काढायचा. मीही तीन कड्या लावल्या, दिसायला अगदी खऱ्या, पण 1:76 स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या 76 पट लहान मापात, त्या काढायच्या म्हणजे एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तारेचा हूक आणि श्वास रोखलेला. शिवाय माझा 18 सेंटीमीटरचा पंजा त्या दुनियेत जवळजवळ 14 मीटरचा होतो! असा हात आभाळातून खाली आला की कसलं रिअलिस्टिक न् काय.

मग अमेरिकन केडी कंपनीचे कपलर, म्हणजे डबे आपोआप जोडणारे हूक, लावले. ब्रिटिश डब्यांवर ते सदऱ्यावर टाय लावल्यासारखे दिसतात, मान्य. पण रुळांमधल्या मॅग्नेटवर गाडी थांबवून किंचित मागे घ्यायची, ताण सुटला की कपलरखालच्या वाकड्या तारा दोन बाजूंना ओढल्या जातात आणि डबा सुटतो, वर तो न जोडता हवा तिथपर्यंत ढकलतही नेता येतो. हात लावायचाच नाही. दिसणं खोटं, पण चाल खरी, आणि मला चालच जास्त महत्त्वाची वाटते.

फक्त डबे जोडतानाचा खरा धक्का नाही. लहानपणी पुण्याला येताना कर्जतला मागून घाटात ढकलणारं बँकर इंजिन लागलं की अख्खी गाडी हलायची, चहा बशीत यायचा. माझे डबे इतके हलके की इंजिन नुसतं टेकलं तरी जोडले जायच्या ऐवजी पुढे पळतात.

म्हणून परवा वजनासाठी प्रत्येकात रुपयाची दोन-दोन नाणी चिकटवली. छान टक् आवाज यायला लागला. पण नाणी स्टीलची निघाली, आता मॅग्नेटजवळ गेला की डबा आपोआप सरकून त्यावर जाऊन बसतो आणि तिथून हलवायला परत तोच 14 मीटरचा हात.