गडव्यातले हरभरे

नोव्हेंबर २००१. मी नववीत होतो. दिवाळीच्या सुट्या लागायच्या आदल्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर सिंह रास काढली, मघा आणि तिच्या वरचा विळा. म्हणाले, "१८ तारखेच्या रात्री बारानंतर उल्का इथून निघाल्यासारख्या दिसतील. जमेल त्याने शाळेच्या गच्चीवर यावं. मोजायच्या आणि लिहायच्या." टेम्पल-टटल धूमकेतू दर ३३ वर्षांनी येतो, मागे धूळ सोडून जातो, पृथ्वी त्या धुळीत शिरते. मध्यरात्रीनंतरच का? सायकल हाणताना चिलटं तोंडावर बसतात, पाठीवर नाही. पहाटे आपण पृथ्वीच्या तोंडाच्या बाजूला असतो. सरांचं हे उत्तर मी आज माझ्या मुलीलाही तसंच सांगतो.

मला गच्चीवर जाता आलं नाही. वावरात रानडुकरं शिरत होती आणि जागलीला बाबांसोबत मी होतो. मचाणावर आडवा पडून आधी शनी शोधला. रोहिणीजवळ, न लुकलुकणारा. त्याच्या पूर्वेला मिथुन राशीत गुरू, लख्ख. पहिली चांदणी तुटली तशी बाबांनी मान फिरवली. "तुटती चांदनी पाहू नाही बाबू." मग दुसरी, तिसरी. एक तर थेट धुऱ्यापलीकडे उतरल्यासारखी गेली. तिच्यामागे धुरासारखी रेघ राहिली. मी वीस म्हणेपर्यंत ती होती, हळूहळू वाकडी होत विरली. बाबा उठून बसले.

"मोज, मोज. लय तुटून राहिल्या."

अंधारात लिहिता येईना. बाबांनी पेरणीच्या हरभऱ्याची थैली ओढली, गडव्यातलं पाणी ओतून दिलं. अर्धं आभाळ त्यांचं, अर्धं माझं. तुटली की एक दाणा. आधी टण्ण वाजायचं. तळ झाकल्यावर नुसतं टक्.

उजाडल्यावर मोजले, ४२७ भरले. सुट्या संपल्यावर सरांनी विचारलं, "तुझे किती, वडिलांचे किती?" वेगळे ठेवलेच नव्हते. सरांनी गच्चीवरच्या मुलांच्या नोंदींखाली स्वतःच्या हाताने लिहिलं: 'बापलेक मिळून, जागलीवरून, ४२७.' बाबा कधी शाळेत गेले नाहीत. शाळेच्या वहीत त्यांची ती एकच नोंद.

हरभरा त्याच आठवड्यात पेरला.

शनीचा फेरा साडेएकोणतीस वर्षांचा, म्हणजे २०३१ मध्ये तो पुन्हा रोहिणीपाशी असेल. धूमकेतूही त्याच वर्षी परत येतोय. बाबांना हे सांगितलंय. मोडीत काढायच्या भांड्यांतून तो गडवा त्यांनी दोनदा परत आणून ठेवलाय.

(माजी विद्यार्थी, दहावी २००३)